न वाचलेलं भाषण

‘शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली!’

ही म्हण तुम्ही आजीच्या तोंडून नक्कीच ऐकली असेल. परीक्षेला निघताना कुणी ‘पेपर अवघड आला तर?’ असं म्हटलं, की घरातली मोठी माणसं लगेच दटावतात. गावाला निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. चांगल्या कामाच्या वेळी वाईट बोलू नये, अशी आपली रीत आहे.

मग आता सांगा बरं! माणूस पहिल्यांदाच चंद्रावर उतरायला निघाला आहे. सगळं जग कानांत प्राण आणून बातम्या ऐकतं आहे. आणि नेमक्या त्याच वेळी एक गृहस्थ कागदावर लिहीत आहेत की, ‘चंद्रावर गेलेली ही दोन माणसं आता परत येणार नाहीत.’ अशा माणसाला तुम्ही काय म्हणाल?

मित्रांनो, असं खरोखरच घडलं होतं. तारीख होती १८ जुलै १९६९. लिहिणाऱ्याचं नाव विल्यम सफायर. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांची भाषणं लिहून देण्याचं काम ते करत. दोन पानांच्या त्या कागदावर मथळा होता, ‘चंद्रावर दुर्घटना घडल्यास’.

सफायर अभद्र बोलणारे होते का? मुळीच नाही. ते आपलं काम करत होते, आणि ते काम फार अवघड होतं.

ही सूचना कुणाची?

हे भाषण लिहायचं सफायर यांना स्वतःहून सुचलं नव्हतं. सुचवलं होतं फ्रँक बोरमन यांनी. हे बोरमन कोण, ठाऊक आहे? १९६८ च्या डिसेंबरमध्ये अपोलो-८ या यानातून तीन माणसं पहिल्यांदा चंद्राला फेऱ्या मारून आली. त्या मोहिमेचे प्रमुख म्हणजे बोरमन. अपोलो-११ च्या वेळी ते राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीला, म्हणजे व्हाइट हाउसला, अंतराळाविषयी सल्ला देत होते.

बोरमन यांनी सफायर यांना सुचवलं, की काही वाईट घडलंच तर राष्ट्राध्यक्षांनी काय करायचं, याचाही विचार करून ठेवा. सफायर यांच्या पहिल्यांदा ते नीट लक्षातच आलं नाही. मग बोरमन यांनी स्पष्टच सांगितलं, की त्या अंतराळवीरांच्या बायकांचं काय, ते ठरवून ठेवा.

बोरमन असं का म्हणाले असतील? कारण दुर्घटना म्हणजे काय, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो-१ या यानाची जमिनीवरच चाचणी चालू असताना आत आग लागली आणि तीन अंतराळवीर मरण पावले. त्या आगीची चौकशी करणाऱ्या मंडळात बोरमन होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रशियाचे व्लादिमिर कोमारोव हे अंतराळवीर परत येताना यान आदळून मृत्युमुखी पडले. अंतराळाचा प्रवास किती धोक्याचा आहे, हे बोरमन यांना कुणी सांगायला नको होतं.

एकच इंजिन, दुसरं नाही

आता तुम्ही विचाराल, की भीती कसली होती? उतरण्याची? ती तर होतीच. पण त्याहून मोठी भीती होती परत निघण्याची.

अपोलो-११ मध्ये तिघे जण होते. नील आर्मस्ट्राँग, एडविन ऊर्फ बझ ऑल्ड्रिन आणि मायकेल कॉलिन्स. त्यांतले आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन ‘ईगल’ नावाच्या छोट्या यानातून चंद्रावर उतरणार होते. कॉलिन्स मात्र ‘कोलंबिया’ या मुख्य यानात एकटेच चंद्राभोवती फिरत राहणार होते.

काम झालं की ईगलचा वरचा भाग खालच्या भागापासून सुटायचा, उडायचा आणि कोलंबियाला जाऊन भिडायचा. हा वरचा भाग उडवण्यासाठी इंजिन होतं फक्त एक! ते बंद पडलं तर दुसरं नाही. म्हणूनच ते अगदी साधं बनवलं होतं. त्यात पंप नव्हता, ठिणगी पाडायची सोयही नव्हती. दोन रसायनं अशी निवडली होती, की ती एकमेकांत मिसळताच आपोआप पेट घ्यायची. भाग जितके कमी, तितकं बिघडायचं कमी!

तरीही ते सुरू झालं नसतं तर? पृथ्वी सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर. कोलंबिया चंद्रावर उतरू शकत नव्हतं. पृथ्वीवरून मदत पाठवायला दुसरं यान तयार नव्हतं. म्हणजे दोघांजवळचा प्राणवायू संपेपर्यंत वाट पाहायची, एवढंच उरलं असतं.

आणि गंमत पाहा, थोडीशी गडबड झालीच! चंद्रावर चालून परत आल्यावर ऑल्ड्रिन यांना यानाच्या जमिनीवर एक तुटका तुकडा दिसला. तो एका बटनाचा होता. कोणत्या बटनाचा? तर नेमका त्या परतीच्या इंजिनाला वीज पोचवणाऱ्या सर्किट ब्रेकरचा! त्या अरुंद जागेत पाठीवरच्या मोठ्या पिशव्या घेऊन वळताना कुणाचा तरी धक्का लागला असावा. मग ऑल्ड्रिन यांनी काय केलं असेल? तुमच्या दप्तरात असतं ना, तसं एक स्केचपेन त्यांच्याजवळ होतं. त्याचं टोक त्या भोकात घालून त्यांनी बटन आत ढकललं. ते बसलं!

कागदावर काय होतं?

सफायर यांच्या कागदावर नुसतं भाषण नव्हतं. कुणी, केव्हा, काय करायचं याचा क्रमही होता.

पहिली गोष्ट, राष्ट्राध्यक्षांनी भाषणाच्या आधी अंतराळवीरांच्या पत्नींना स्वतः फोन करायचा. हे किती महत्त्वाचं आहे, पाहा. आपल्या माणसाची अशी बातमी कुणालाही रेडिओवरून कळू नये. आधी घरच्यांना, मग जगाला.

दुसरी गोष्ट, राष्ट्राध्यक्षांनी देशाला उद्देशून भाषण करायचं.

तिसरी गोष्ट, त्यानंतर चंद्राशी चालू असलेलं बोलणं बंद करायचं. त्या वेळी एका धर्मगुरूंनी प्रार्थना म्हणायची. समुद्रप्रवासात खलाशी वारला तर त्याचा देह समुद्राच्या स्वाधीन करतात. त्या वेळी जो विधी करतात, तोच इथं करायचा.

आता भाषणाकडे वळू. ते अगदी छोटं आहे. मोठ्यानं वाचलं तर दोन मिनिटांच्या आसपास संपेल. त्यात सफायर यांनी जे मांडलं, त्याचा सारांश असा : हे दोघे शांततेसाठी चंद्रावर गेले आणि आता तिथंच विश्रांती घेतील. आपल्या सुटकेची आशा नाही, हे त्यांना माहीत आहे. पण आपल्या बलिदानात मानवजातीसाठी आशा आहे, हेही त्यांना माहीत आहे. त्यांचे कुटुंबीय, त्यांचा देश, सगळं जग त्यांच्यासाठी शोक करील. त्यांच्यामागून दुसरे जातील आणि ते नक्की घरी परततील. शेवटी त्यांनी म्हटलं होतं, की यापुढे जो कुणी रात्री चंद्राकडे पाहील, त्याला त्या परक्या जगातला एक कोपरा आपला, माणसाचा वाटेल.

या भाषणातल्या दोन गोष्टी नीट ध्यानात घ्या.

पहिली म्हणजे, त्यात कॉलिन्स यांचं नाव नाही. का बरं? कारण ते वाचले असते! त्यांना एकट्यालाच पृथ्वीवर परतावं लागलं असतं.

दुसरी गोष्ट वाचताना अंगावर काटा येतो. हे भाषण जेव्हा करायचं होतं, तेव्हा ते दोघे जिवंत असणार होते. म्हणूनच त्यात ‘त्यांना माहीत होतं’ असं नाही, तर ‘त्यांना माहीत आहे’ असं लिहिलेलं आहे. जिवंत माणसांना निरोप देणारं हे भाषण होतं.

सफायर यांनी कुणाला दोष दिलेला नाही. इंजिन कुणी बनवलं, चूक कुणाची, याचा शब्दही नाही. तो शोध पुढे घ्यायचाच असतो, पण त्या क्षणी रडणाऱ्या माणसांना पहिल्यांदा धीर हवा असतो.

घरी काय चाललं होतं?

या तिघांच्या घरी मिळून आठ मुलं होती. बाबा परत आले नाहीत तर या मुलांचं काय, हा विचार त्यांनी केला नसेल का? केला होता. चंद्रावर जाणाऱ्या माणसाचा विमा उतरवायचा तर हप्ता न परवडणारा. मग त्यांनी एक युक्ती केली. निघण्यापूर्वी तिघांनी मिळून टपालाच्या पुष्कळ पाकिटांवर सह्या केल्या. उड्डाणाच्या आणि चंद्रावर उतरण्याच्या दिवशी त्यांवर टपालाचे शिक्के मारून घेण्याची व्यवस्था केली. आपल्याला काही झालं, तर ही पाकिटं तिकिटं जमवणाऱ्या लोकांना विकून घरच्यांना पैसे मिळतील, असा त्यांचा हिशेब होता.

आणि वर एकटे फिरणारे कॉलिन्स? दर फेरीत त्यांचं यान चंद्राच्या मागे गेलं की सुमारे ४८ मिनिटं त्यांचा कुणाशीच संपर्क नसे. त्यांनी पुढे सांगितलं, की त्या दोघांना चंद्रावर सोडून एकट्यानं परत यावं लागेल, ही भीती कित्येक महिने त्यांच्या मनात होती. ती त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती. पण तसं झालं असतं, तर आपल्याला परत यावंच लागेल, हेही त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

इंजिन सुरू झालं!

आपल्या घड्याळाप्रमाणे २१ जुलैच्या पहाटे १ वाजून ४७ मिनिटांनी ईगल चंद्रावर उतरलं. सकाळी ८ वाजून २६ मिनिटांनी आर्मस्ट्राँग यांचं पाऊल चंद्रावर पडलं. आपल्याकडे तेव्हा टीव्ही फक्त दिल्लीत होता. मुंबईत तो १९७२ साली आला. त्यामुळे महाराष्ट्रातल्या लोकांची सारी मदार रेडिओ आणि वर्तमानपत्रांवर होती.

त्याच रात्री ११ वाजून २४ मिनिटांनी तो क्षण आला. ते एकुलतं एक इंजिन सुरू झालं आणि ईगलचा वरचा भाग चंद्रावरून उडाला. २४ जुलैला तिघेही प्रशांत महासागरात सुखरूप उतरले. ‘हॉर्नेट’ या जहाजावर राष्ट्राध्यक्ष निक्सन त्यांच्या स्वागताला हजर होते. चंद्रावरून काही रोगजंतू आले असतील या शंकेमुळे तिघांना बंद खोलीत ठेवलं होतं. निक्सन खिडकीच्या काचेतून त्यांच्याशी हसत हसत बोलले.

आणि ती दोन पानं? ती कागदपत्रांच्या ढिगात गेली. तब्बल ३० वर्षं सामान्य लोकांना त्यांचा पत्ता नव्हता. १९९९ साली एका पत्रकाराला ती जुन्या सरकारी दप्तरात सापडली आणि वर्तमानपत्रांतून सगळ्या जगाला कळली.

इथं एक सावधगिरीची सूचना! निक्सन टीव्हीवर हे भाषण वाचत आहेत, अशी एक चित्रफीत तुम्हांला कदाचित कुणी दाखवील. ती खरी नाही बरं का! निक्सन यांनी ते भाषण कधीच केलं नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत २०१९ साली ही चित्रफीत संगणकाच्या साह्यानं तयार केली गेली. डोळ्यांना दिसतं तेही किती खोटं असू शकतं, हे लोकांना समजावं म्हणूनच ती बनवली होती.

तीन निवेदनं

अशी तयारी फक्त अमेरिकेनंच केली, असं नाही. १२ एप्रिल १९६१ रोजी रशियाचे युरी गागारिन अंतराळात गेले. अंतराळात जाणारा हा पहिला माणूस. त्या वेळी सोव्हिएत सरकारच्या वृत्तसंस्थेसाठी तीन निवेदनं आधीच तयार होती. एक यश मिळालं तर. दुसरं, गागारिन भलत्याच देशात किंवा समुद्रात उतरले तर मदत मागण्यासाठी. आणि तिसरं, ते परत आले नाहीत तर.

खुद्द गागारिन यांनीही दोन दिवस आधी पत्नीला एक पत्र लिहून ठेवलं होतं. काही झालं तरच ते तिला द्यायचं होतं. ते सुखरूप परतले आणि पत्र तसंच राहिलं. पुढे १९६८ मध्ये विमान कोसळून त्यांचा मृत्यू झाला, त्यानंतर ते तिच्या हाती पडलं.

भाषण तयार नव्हतं तेव्हा

आता एक दुःखाची गोष्ट सांगायला हवी. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं ‘चॅलेंजर’ हे यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं. आतले सातही जण मरण पावले. त्यांत ख्रिस्ता मॅकऑलिफ नावाच्या एक शिक्षिका होत्या. अंतराळातून त्या मुलांना धडे देणार होत्या. त्यामुळे अमेरिकेतल्या कितीतरी शाळांमध्ये वर्गातल्या टीव्हीवर मुलं हे उड्डाण पाहत होती. मुलांच्या डोळ्यांदेखत हे घडलं.

त्या रात्री राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचं संसदेपुढे एक महत्त्वाचं वार्षिक भाषण व्हायचं होतं. ते पुढे ढकललं गेलं. पेगी नूनन या लेखिकेनं काही तासांतच नवं भाषण लिहिलं आणि संध्याकाळी रेगन टीव्हीवरून बोलले. भाषणाच्या मध्येच ते थेट शाळेतल्या मुलांशी बोलू लागले. अशा दुःखद गोष्टी कधीकधी घडतात, हे समजणं तुम्हांला अवघड आहे हे मला कळतं, पण नव्याचा शोध घेताना हेही वाट्याला येतं, असं त्यांनी सांगितलं. ‘लहान आहेत, त्यांना काय कळतंय!’ असं म्हणून त्यांनी मुलांना बाजूला ठेवलं नाही. आईबाबांनो, घरात वाईट बातमी आली की मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवण्याआधी हे आठवावं.

१ फेब्रुवारी २००३ ला पुन्हा तसंच घडलं. ‘कोलंबिया’ हे यान उतरायला केवळ १६ मिनिटं उरली असताना आकाशातच तुटलं. या सात जणांत हरयाणातल्या कर्नालची आपली कल्पना चावला होती. त्या दुपारी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी सातही जणांची नावं एकेक करून उच्चारली. चारच दिवसांनी आपले पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी भारताच्या हवामान उपग्रहाला ‘कल्पना-१’ हे नाव दिलं.

वाईटाचा विचार का करायचा?

अपोलो-११ चीच एक गोष्ट सांगतो. उड्डाणापूर्वीच्या सरावात शिकवणारे मुद्दाम खोटे बिघाड निर्माण करायचे. एकदा त्यांनी यानाच्या संगणकावर एक विचित्र धोक्याचा इशारा दिला. नियंत्रण कक्षातल्या तरुणांना त्याचा अर्थच लागला नाही. त्यांनी घाबरून मोहीम थांबवायला सांगितली. चुकलंच ते! मग मोहिमेच्या प्रमुखांनी हुकूम सोडला, की असे जेवढे म्हणून इशारे असतील त्या सगळ्यांचा अर्थ शोधून लिहून काढा. २४ वर्षांच्या जॅक गार्मन या तरुणानं हातानं एक यादी तयार केली आणि ती समोर ठेवली.

काही दिवसांनी खरोखर ईगल चंद्रावर उतरत असताना संगणकानं ‘१२०२’ असा इशारा दिला. आर्मस्ट्राँग यांनी विचारलं, याचा अर्थ काय? गार्मन यांनी यादीवर नजर टाकली आणि सांगितलं, घाबरू नका, पुढे चला. काही सेकंदांत निर्णय झाला आणि ईगल उतरलं. त्या खोलीत आधी कुणी ‘बिघडलं तर?’ असं म्हटलंच नसतं, तर?

म्हणजे तयारी दोन प्रकारची असते. एक, संकट येऊ नये म्हणून. गार्मन यांची यादी ही त्यातली. दुसरी, संकट आलंच तर माणसांना सांभाळता यावं म्हणून. सफायर यांची दोन पानं ही त्यातली. गणपतीच्या मांडवाबाहेर वाळूनं भरलेल्या बादल्या टांगलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या टांगणाऱ्या कार्यकर्त्याला कुणी ‘शुभ बोल’ म्हणत नाही. उलट त्या तिथं आहेत म्हणून आपण निर्धास्तपणे आरती म्हणतो.

चंद्रावरून निघण्यापूर्वी आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांनी एक छोटी पिशवी तिथं ठेवली. तिच्यात अपोलो-१ मधल्या तीन सहकाऱ्यांच्या आठवणीचं कापडी चिन्ह होतं. गागारिन आणि कोमारोव या रशियन वीरांची पदकं होती. तेव्हा अमेरिका आणि रशिया यांचं मुळीच पटत नव्हतं, तरीही! ती पिशवी आजही तिथंच आहे. ईगलचा खालचा भागही तिथंच उभा आहे.

येत्या पौर्णिमेला गच्चीवर किंवा अंगणात जाऊन चंद्राकडे पाहा. त्यावरचे मोठे काळसर डाग दिसतील. त्यांतल्याच एका डागाचं नाव ‘शांतिसागर’. ईगल तिथंच उतरलं होतं.

आणि घरात आल्यावर एक काम करा. मोबाइल हरवला किंवा त्याची बॅटरी संपली, तर आईबाबांचा नंबर तुम्हांला पाठ आहे का? संकटात मदतीसाठी ११२ हा क्रमांक लावायचा, हे धाकट्या भावंडांना ठाऊक आहे का? शाळेत आग लागली तर कोणत्या जिन्यानं उतरायचं, हे वर्गातल्या सगळ्यांना माहीत आहे का? नसेल, तर एका कागदावर सगळं नीट लिहून काढा आणि दाराच्या मागे चिकटवा.

तो कागद वापरायची वेळ कधीच न येवो! पण तो असू द्या.